पाटावरचे तंबू

पाट बुजवला तेव्हा आबा, माझे आजोबा, घरी नव्हते. अंथुर्ण्याला त्यांच्या आत्तेभावाचा दहावा होता, तिकडं ते सकाळीच गेले होते. पप्पांनी तेवढ्यात ब्लेडचा ट्रॅक्टर बोलावला आणि घराशेजारून उसाकडं जाणारा पाट दुपारच्या आत सपाट करून टाकला. वर मुरूम पसरला, मुरमावर पाणी मारून रोलर फिरवला. संध्याकाळी आबा आले आणि त्या सपाटीच्या मधोमध उभे राहिले. चपलेच्या टाचेनं मुरूम उकरून बघितला.

"पाट कुठं हाय?"

"खाली हाय," पप्पा म्हणाले.

"खाली म्हंजी?"

"तंबू टाकायला जागा लागती आबा. गेल्या कॅम्पला त्या पोरीचा पाय मुरगाळला का न्हाय पाटात? तिच्या आईनं फोनवर माझी काय इज्जत काढली ते तुमीबी ऐकलंय."

"आन पाणी आल्यावर?"

"पाणी हाय कुठं? होळीच्या आधीपासनं कॅनॉलची चारी कोरडी पडलीय. आलंच तर पाइप टाकू."

आबा रस्त्याकडंच्या चारीला जिथं आमच्याकडं पाणी वळवायचं दारं होतं तिथपर्यंत चालत गेले, वाकून बघितलं आणि परत येऊन पाय धुतले.

पप्पा आधी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर पॅकिंगला होते. क्रेट उचलून उचलून पाठ गेली तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि शेळगावच्या आमच्या शेतात हा कॅम्प काढला. पुण्याची मुलं येतात, दोन रात्री तंबूत राहतात, गाईची धार काढतात, वाफे करतात, चिखलात खेळतात. बोर्ड मी रंगवलाय. 'शिवार: खेळा आणि शिका.' खाली एक गाय काढलीय, ती सगळ्यांना कुत्रं वाटते, पण आता कोण बदलत बसणार.

जूनपासून माझी दहावी. नववीपर्यंत वर्गात उभं राहून नाव सांगायचं म्हटलं तरी माझ्या तळव्यांना घाम यायचा. आणि आता माझ्या गळ्यात शिट्टी असते. चाळीस मुलं माझ्या एका शिट्टीवर रांगेत उभी राहतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रात्री आरशासमोर जाऊन पुन्हा एकदा "सावधान" म्हणून बघितलं होतं. छकुली, माझी धाकटी बहीण, पहिलीत जाईल आता, तिनं आरशातून मला सलाम ठोकला.

कॅम्प म्हणजे मुलांना मजा आणि आम्हाला काम. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते. आई एरवी गॅसवर भाकरी करते. कॅम्प असला की चुलीवर, तीही अंगणात, सगळ्यांना दिसेल अशी. धुरानं तिचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होतात. आजीला नऊवारी नेसून जात्यापाशी बसावं लागतं. दळण गिरणीतूनच येतं, पण जातं फिरताना दिसलं पाहिजे. आजीचं नाव ठमाबाई, आणि पुण्याच्या मुलांना ते नाव इतकं आवडतं की दिवसभर "ठमाबाई, ठमाबाई" चालतं. पहिल्या कॅम्पला ती म्हणाली होती, "माझ्या सासूनंबी मला एवढ्यांदा हाक मारली न्हाय." आता काही म्हणत नाही. खांदा दुखतो म्हणून उजव्या हातानं खुंटा धरते आणि डाव्यानं उजवा हात ढकलते.

आणि आबा. आबांना पप्पांनी गुलाबी फेटा आणलाय. आबा आयुष्यभर टोपी घालत आले. कॅम्पच्या दिवशी ते फेटा बांधून बाजेवर बसतात आणि मुलं त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात.

"हे खरे शेतकरी आहेत का?" एकानं मला विचारलं होतं.

"व्हय," मी म्हणाले, आणि मग शिट्टीची आठवण होऊन, "हो."

आमचा ऊस दोन तुकड्यांत आहे. घराकडंचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला, तो कारखान्याला जातो. आणि अगदी खाली, विहिरीपलीकडं, बेण्याचा तुकडा. तो आबांचा. तो तोडून कारखान्याला घालायचा नसतो. जुलैत त्याच्या कांड्या करून नवी लागण करायची असते. आबा बेणं दुसऱ्याकडून घेत नाहीत. कांडीवरचा कोंबाचा डोळा कसा फुगीर पाहिजे, पाचट कधी काढायचं, सगळं त्यांच्या हातचं. बेणं गेलं तर यंदा आमच्या रानात नवा ऊस लागणार नाही, एवढं मलाही कळत होतं. विहिरीत पाणी राहिलं नव्हतं. शेततळ्यात होतं ते कॅम्पच्या आंघोळीला आणि गाईंना. बेण्याची पानं दुपारी सुरळी करून उभी राहायची, सकाळी थोडी उघडायची. मग सकाळीसुद्धा उघडेनात.

"सोमवारी पाळी हाय आपली," आबा रोज म्हणायचे. "सोमवारी पाणी येतंय."

कॅम्प रविवारी संपणार होता. म्हणून कुणी घाई केली नाही.

शनिवारी सकाळी मुलांचा नाश्ता चालला होता. मी सगळ्यांना गोल बसवून पेरणीचा खेळ घेत होते. एका हातात हरभरे, एका हातात खडे, डोळे मिटून ओळखायचं बी कुठलं. तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकल आत आली. मानसिंगकाका. आमच्या वरच्या बाजूला त्यांचं रान आहे, पाणी आधी त्यांना मिळतं, मग आम्हाला, मग म्हस्कूतात्याला.

"विजयसिंह," गाडीवरूनच ते म्हणाले, "पाणी सुटलंय. माझं भरत आलं. जेवायच्या आधी तुझ्याकडं सोडतो."

पप्पांच्या हातात पोह्यांचं पातेलं होतं. "आज? पाळी सोमवारची हाय की."

"वरची दोन रानं पडीक हायत औंदा, त्यांनी घेतलंच न्हाय. मग सरकलं खाली. दिवस मावळंपर्यंत तुझं. मग म्हस्कू घेणार." त्यांनी तंबूंकडं बघितलं, मग जमिनीकडं. "पाट कुठं हाय रं?"

पप्पांनी पातेलं खाली ठेवलं. मानसिंगकाकांनी गाडी वळवली. जाता जाता म्हणाले, "मला थांबवता यायचं न्हाय. माझं भरलं की माझं दारं लागलं."

आबा बाजेवरून उठले. फेटा काढायचंही सुचलं नाही त्यांना. गोठ्यातून खोरं आणि टिकाव घेतला आणि रस्त्याकडं चालू लागले.

पप्पांनी आधी पाइपच्या मागं धाव घेतली. दोन ठिकाणी फोन केले. एकाचे पाइप दुसऱ्या गावी गेलेले, दुसऱ्याचे चार होते. चार पाइपांनी चारीपासून तंबूसुद्धा ओलांडता आले नसते. पप्पा फोन खिशात घालून नुसते उभे राहिले. तिकडून टिकावाचा आवाज येत होता, रोलर फिरवलेल्या मुरमावर, खण खण, खण खण.

"कॅम्प रद्द करू का?" त्यांनी हळूच आईला विचारलं.

"आन पोरं कुठं ठिवू, उसात?" आई म्हणाली. तिनं तवा उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली, पदर खोचला आणि घमेलं घेऊन निघाली. "आत्या, भाकरीचं तुमी बघा."

"बघती," आजी म्हणाली. जातं सोडून उठली, आणि उठताना तिला बरंच वाटलं असावं.

मी कॅम्पच्या मॅडमकडं गेले. या मॅडम मुलांबरोबर पुण्याहून आल्या होत्या. रात्रभर मुलांच्या रडण्यानं त्यांची झोप झाली नव्हती, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. पाट तंबूंच्या खाली आहे, तंबू हलवावे लागतील, उकरावं लागेल.

"आत्ता?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर ट्रेझर हंट आहे."

"मॅडम, हाच ट्रेझर हंट समजा. जमिनीखाली पाट लपलाय."

हे माझ्या तोंडातून इतकं झटकन निघालं की माझं मलाच आवडलं. मॅडमनी मुलांकडं बघितलं. "फावडी मुलांच्या हातात द्यायची नाहीत. पालकांना मी काय सांगू?"

"फावडी न्हाय देत. घमेली देते. माती उचलायची नुसती."

मी शिट्टी वाजवली.

पहिला अर्धा तास काय सांगू. मुलं वेडी झाली. तंबू ओढले, खुंट्या उपटल्या, "पाट शोधा, पाट शोधा" म्हणत नाचली. आबा आणि पप्पा पुढं उकरत होते, आई मागून खोऱ्यानं ओढत होती, मी दोन रांगा करून घमेली पुढं सरकवत होते. मल्हार नावाचा एक मुलगा होता, तो प्रत्येक घमेल्याला "पुढचं स्टेशन दौंड" म्हणायचा. छकुली कॅम्पसाठी नेसवलेली नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून रांगेत घुसली. एरवी पाहुण्या मुलांच्या खेळात तिला घ्यायचं नाही असं पप्पांनी सांगितलेलं. आज कुणाचं लक्ष नव्हतं.

मग ऊन चढलं. मुरूम हातात टोचतो. एक मुलगी बसली, मग तिच्या शेजारी दुसरी. "ताई, आणखी किती आहे?" "ताई, मला फोड आलाय." "ताई, हे कंटाळवाणं आहे." मल्हारनं दौंड सोडलं. मॅडमनी सगळ्यांना लिंबाखाली सावलीत नेलं आणि सरबत दिलं. रांगा गेल्या. उरलो आम्ही घरचे.

मला वाटायचं मला काम येतं. शिट्टी मारून येतं ते काम वेगळं. टिकाव डोक्याच्या वर न्यायचा आणि दबलेल्या मुरमात मारायचा, तर तो बोटभर आत जातो आणि दांडा मनगटात झिणझिणतो. तळहाताची कातडी आधी पांढरी झाली, मग फुगली, मग गेली. आई खोऱ्यानं माती ओढतच होती. तिच्या पाठीवर ब्लाउजचा घाम सुकून मिठाची नक्षी उठली होती. पप्पांनी कंबरेला टॉवेल घट्ट आवळला होता, प्रत्येक वेळी वाकले की दातातून श्वास ओढायचे. आबा सगळ्यांच्या पुढं. फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर आलेला, त्यानंच ते कपाळ पुसत होते, तर घामाबरोबर गुलाबी रंग गालांवर उतरला.

"आबा, बसा घटकाभर," मी म्हणाले.

"बसल्यावर उठायचं कुणी?"

"माझ्याच हातनं झालं हे," पप्पा एकदम म्हणाले. टिकाव थांबवून. "मीच बुजवला."

"व्हय," आबा म्हणाले. "जरा उजवीकडं घे. पाट वाकडा चाललाय."

पाणी आलं तेव्हा आधी वास आला. मग आवाज. चारीच्या दाऱ्यातून पाला, काटक्या, एक प्लॅस्टिकची बाटली असं पुढं ढकलत तांबडं पाणी आमच्या नव्या पाटात शिरलं. पण ते पळेना. उकरलेली भुसभुशीत माती पाणी पीत होती. दोन पावलं पुढं यायचं आणि जिरायचं. आबा पाण्याच्या तोंडाबरोबर उलटे चालत होते, खोऱ्यानं पाला बाजूला करत, जसं एखाद्या नुकत्या चालायला लागलेल्या पोराला पुढं बोलवावं तसं.

"आधी खाली बेण्याला," ते म्हणाले. "खोडव्याचं नंतर बघू. उरलं तर."

आणि मग चिखलाचा खड्डा आला.

हा खड्डा आम्हीच केला होता. मुलांसाठी. तंबूंच्या पुढं, अगदी जुन्या पाटाच्या ओळीवर, कारण तिथली माती मऊ होती. कमरेइतका खोल, खोलीएवढा. रविवारी सकाळी शेततळ्याचे दोन ड्रम त्यात ओतून चिखल करायचा असं ठरलं होतं. खड्ड्याच्या पलीकडं जुना पाट होता तसा शाबूत होता. फक्त हा खड्डा मध्ये.

"शेजारनं काढू," आबा म्हणाले.

"तेवढं उकरायला सांज हुईल," पप्पा म्हणाले. "खड्डा भरू द्या. भरला की पलीकडनं आपसूक उतरंल."

आबांनी खड्ड्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि बाजूला झाले. पाणी खड्ड्यात पडायला लागलं.

तो आवाज लिंबाखाली गेला. मुलं उठली. मॅडम "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पहिली पाच-सहा आत होती, आणि मग सगळी. सकाळपासूनचा सगळा कंटाळा त्यांनी त्या खड्ड्यात टाकला. उड्या, लोळणं, एकमेकांच्या तोंडाला चिखल. मल्हार काठावर चढायचा आणि काठासकट आत पडायचा. प्रत्येक उडीला खड्ड्याचा रस्त्याकडचा काठ ढासळत होता, आणि पाणी तिकडून, पडीक बांधाकडं, निघून चाललं होतं. बेण्याकडं थेंब जात नव्हता.

आबा खोरं घेऊन काठ बांधायला गेले. तर मुलं त्यांच्या पायांतून पळायला लागली. खोरं मारायचं कुठं? एका मुलीनं त्यांच्या धोतराला लटकून वर यायचा प्रयत्न केला. ते खोरं उंच धरून उभे राहिले, कुणाला लागू नये म्हणून. गुलाबी रंग मानेपर्यंत उतरलेला. मॅडम मोबाइलवर शूटिंग करत होत्या. "आबा, इकडं बघा," त्या म्हणाल्या, चांगल्या मनानंच. आबांनी बघितलं.

"पप्पा, पोरांना बाहेर काढा," मी म्हणाले.

पप्पा आपल्या हाताकडं बघत होते. "हसतायत गं. एवढी हसलीच न्हायत काल. आत्ता बाहेर काढलं तर घरी जाऊन काय सांगतील? थोडा वेळ राहू दे. पाच मिनिटं."

पाच मिनिटं कुणी मोजली नाहीत. आई पलीकडं ढासळलेल्या काठावर एकटीच घमेल्यानं माती टाकत होती आणि ती वाहून जात होती. टाकत होती आणि वाहून जात होती.

मी शिट्टी वाजवली. कुणी ऐकलं नाही. पुन्हा वाजवली. मल्हारनं तोंडानं तशीच शिट्टी काढून दाखवली आणि सगळे हसले. मग मी शिट्टी गळ्यातून काढली, चपला काढल्या आणि आत उतरले. एकेकाला दंडाला धरून पाटाच्या बाजूला उभं केलं. चिडून नाही, पण घट्ट. आणि मोठ्यांदा, शाळेतलं मराठी विसरून, म्हणाले, "ह्ये पाणी खेळायचं न्हाय. तितं खाली ऊस वाळतोय. तुमी हितं उड्या मारताय तवर त्याचं पाणी रस्त्याला चाललंय. माझे आजोबा सकाळपासनं उपाशी हायत. निघा बाहेर."

मुलं निघाली. काही रडवेली होती. मॅडमनी मोबाइल खाली घेतला. "सॉरी, मला कळलं नाही," त्या म्हणाल्या, आणि सलवार वर खोचून आईच्या शेजारी माती टाकायला लागल्या. पप्पा माझ्याकडं न बघता मुलांना टॉवेल वाटत होते.

काठ बांधून होईपर्यंत ऊन कललं. खड्डा भरला, काठोकाठ झाला आणि पलीकडच्या पाटात पाणी उतरलं. आबा आणि मी त्याच्या मागोमाग खाली गेलो. बेण्याच्या पहिल्या सरीत पाणी शिरलं तेव्हा तडकलेल्या जमिनीतून बुडबुडे आले, किडे वर आले, बगळे कुठून आले कोण जाणे. आबांनी दारं मोडून दुसऱ्या सरीला पाणी दिलं. मग तिसऱ्या. मी पुढच्या टोकाला उभी राहून पाणी पोचलं की हाक देत होते. "आलं आबा." "बरं." "आलं." "बरं." आमचं दोघांचं एवढंच बोलणं चाललं होतं, आणि मला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटत होतं.

"दारं मोडायचा खेळ हुईल बघा आबा पोरांसाठी," मी म्हणाले. "लहान सऱ्या करून."

"हां," ते म्हणाले. "खेळात बरं असतंय."

पाच-सहा सऱ्या भिजल्या असतील. तेवढ्यात बांधावर म्हस्कूतात्या उभा दिसला. खांद्यावर खोरं, डोक्याला टॉवेल. तो तिथंच बसला. सूर्य बाभळीच्या खाली गेला होता.

मी त्याच्याकडं गेले. "तात्या, एक तासभर द्या. बेण्याचं अर्धंबी झालं न्हाय."

"कळतंय पोरी."

"उद्या आमी तुमच्याकडं येतो कामाला. मी येती, पप्पा येत्यात."

"कामाला काय करू? माझी मका बघ जा. गुरांच्या वैरणीला तेवढीच हाय. दोन म्हशी गाभण हायत." तो खोऱ्याचं पातं दगडावर घासत होता. "दुपारी मी आलो हुतो. रस्त्यानं पाणी चाललं हुतं. माझ्या पायाला लागलं. मला वाटलं, तुमाला पुरं झालं असंल."

मी खाली माझ्या पायांवरच्या चिखलाकडं बघितलं.

"सोनम," मागून आबा म्हणाले, "त्याची पाळी हाय. चल वर."

दारं म्हस्कूतात्यानं फोडायचं असतं. पण आबाच पुढं गेले. पाण्यात उभं राहून चार खोरी माती त्यांनी आमच्या पाटाच्या तोंडाला टाकली, पायानं दाबली, आणि तात्याच्या बाजूचा बांध कापला. पाणी वळलं. आमच्या सऱ्यांतलं तेवढ्यापुरतं थबकलं आणि जिरायला लागलं.

"जेवलास का?" आबांनी म्हस्कूतात्याला विचारलं.

"आणलंय बांधून."

"बरं."

घरी आलो तर आजीनं सगळ्या मुलांना भाकरी आणि पिठलं वाढून झालं होतं. ती जात्याला टेकून झोपली होती, हाताला पीठ तसंच. छकुली तिच्या मांडीवर. आईनं आबांना ताट दिलं. आबांनी फेटा सोडला, घडी घातली आणि पप्पांच्या हातात दिला. "ह्याचा रंग जातोय," म्हणाले. मग जेवले.

रविवारी निघताना मुलांना काय आवडलं ते विचारतात. सगळ्यांनी एकच सांगितलं, चिखलाचा खड्डा. मॅडम पप्पांना म्हणाल्या, "पुढच्या बॅचला थोडं आधी प्लॅन करा ना, पाण्याचं." पप्पा "हो मॅडम, हो" म्हणाले. गाडी गेल्यावर त्यांनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली. मग खोरं घेतलं आणि खड्डा बुजवायला लागले. मी मदतीला गेले. "पाट सोडून बुजवू," मी म्हणाले. "तंबू लिंबाखाली टाकू. तितं जागा कमी हाय, पण पोरंबी कमी घेऊ."

"कमी घिऊन कसं भागंल?"

"पाट बुजवून कसं भागंल?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. टिकावानं सोललेल्या हातांनी मी खोरं नीट धरलं नव्हतं, बोटांच्या टोकांनी धरलं होतं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू दोरी धर," म्हणाले. "पाटाची कड आखून घिऊ."

पुढचं पाणी लांबलं. भिजलेल्या सऱ्या हिरव्या राहिल्या. बाकीच्या शेंड्यापासून वाळत खाली आल्या. एका सकाळी आबांनी एक ऊस मोडून आणला, ओट्यावर बसून विळ्यानं उभा चिरला. डोळे काळे पडले होते, नखानं दाबले तर भुगा. त्यांनी दुसरा चिरला, तिसरा चिरला. मग विळा पुसून ठेवला.

"वैरण करा," ते आईला म्हणाले. "गुरं तरी खातील."

"आन लागण?" आईनं विचारलं.

"भिजलेल्या सऱ्यांत जेवढं निघंल तेवढं लावू. बाकी रान पडंल ह्या साली."

नवी बॅच आली त्या दिवशी आई खालून वाळलेल्या उसाच्या मोळ्या आणत होती. पप्पांनी कार्यक्रम ठरवताना मला विचारलं, धार काढायच्या आधी पोरांना गाईला चारा घालायला देऊ का? मी म्हणाले, द्या. दुसरं काय होतं द्यायला? मी मुलांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन ऊस दिले. आबा टोपी घालून गोठ्याच्या दाराशी बसले होते.

"ताई, हे कुठलं गवत?" एका लहान मुलीनं विचारलं.

"गवत न्हाय, ऊस आहे. बेण्याचा. पाणी मिळालं असतं तर लावला असता."

"मग आता?"

"आता गाय खाईल."

तिनं त्याचा वास घेतला, शेंड्याकडून चावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "गोड नाहीये."

मी शिट्टी तोंडात घातली. गाई थांबल्या होत्या, धारेची वेळ झाली होती, रांग पुढं सरकायला हवी होती.

"दम धर जरा," आबा मला म्हणाले. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, तिच्या हातातला ऊस उलटा केला, बुडख्याकडून दातांनी साल सोलली आणि एक पेर कडकन मोडून तिच्या हातात दिलं. "हिकडनं खा. शेंड्याला कदी गोड नसतंय."

तिनं चावलं. जरा वेळ नुसतीच चघळत राहिली.

"आहे," ती म्हणाली. "थोडं आहे."

मग सगळ्यांनाच पाहिजे होतं. आबा एकेकाचा ऊस घेत होते, उलटा करत होते, सोलत होते. त्यांचे पुढचे दोन दात हलतात, म्हणून बाजूच्या दातांनी. पुढं गाई दाव्याला ओढ देऊन हंबरत होत्या, पप्पा दुरून घड्याळ दाखवत होते. मी शिट्टी सोडली, आबांच्या शेजारी खाली बसले आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाचा ऊस सोलायला घेतला.